बिनछपराची बस

उज्वलाचे अक्षर चांगले होते, आणि पुढचे सगळे त्यातूनच झाले.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल तयार करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षे होती. तिने बाटलीवर लावलेली चिठ्ठी दोन वर्षांनीही वाचता येते, अशी तिची ख्याती. त्यामुळे नवे सुरक्षा अधिकारी विनीत पुण्याहून आले आणि ‘आणीबाणीत माणसे मोजणार कोण’ असा प्रश्न बैठकीत निघाला, तेव्हा सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिले. तिने खाली पाहिले. बैठकीत खाली पाहणे म्हणजे होकार असतो, हे तिला बैठकीचा वृत्तान्त हातात पडल्यावर कळले.

काम सांगायला एका ओळीचे होते. भोंगा वाजला की दिवसपाळीच्या शहाण्णव माणसांनी फाटकाशेजारच्या पटांगणात जमायचे, आणि उज्वलाने वहीत खुणा करून आत कोण राहिले ते सांगायचे. मग पाठीवर हवेच्या टाक्या बांधलेले दोघे त्याला आणायला आत जाणार. कुणाला आणायचे हे कळेपर्यंत ते जागेवरून हलणार नाहीत, असा नियम होता.

उज्वला मुळात भित्री. घरातून निघताना गॅसचे बटण तीनदा पाहणारी. पण ही भीती तिची एकटीची नव्हती, ती रसायनशास्त्राची होती. कारखान्यात एक द्रव असा होता की त्याला पाण्याचा थेंब लागला तर पांढरा धूर सुटे आणि तो धूर छातीत गेला की छाती आतून जळे. त्या द्रवाचे नमुने ती रोज तपासत असे. आणि महाडात पाणी कुठून येईल याची काळजी करायची नसते, ते येतेच.

पहिले मॉक ड्रिल मे महिन्यात झाले. भोंगा वाजला, माणसे जमली, उज्वलाने वही उघडली. वही रुजू झाल्याच्या क्रमाने लिहिलेली होती. पहिले नाव सांडपाण्याच्या पंपघरात अठ्ठावीस वर्षे काढलेल्या कोंडाजीचे, शेवटचे मागच्या महिन्यात लागलेल्या स्वराजचे. पण माणसे काही रुजू झाल्याच्या क्रमाने धावत येत नाहीत. प्रत्येकजण येऊन नाव सांगे, उज्वला पहिल्या पानापासून बोट फिरवत जाई, नाव सापडे, खूण होई, की पुढचा उभा. पुन्हा पहिल्या पानापासून.

सव्वीस मिनिटे लागली. आणि शेवटी एका नावापुढे खूण नव्हती. ठकूबाई.

ठकूबाई प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई. ती प्रयोगशाळेतच सापडली, ब्युरेट धूत.

“भोंगा ऐकला मी,” ती म्हणाली. “पण मॉक हाय म्हणून सकाळीच सांगितलेलं ना मॅडम. मग ह्या नळ्या कोण धुणार?”

सगळे हसले. विनीत सरांनी ‘सुधारणेस वाव’ असा शेरा मारला. उज्वला मात्र संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये पोलादपूरपर्यंत मिनिटांचा हिशेब करत होती. खऱ्या धुरात माणूस दहा मिनिटे टिकेल, फार तर. म्हणजे तिने सव्विसाव्या मिनिटाला, सुवाच्य अक्षरात, ‘ठकूबाई: आढळली नाही’ असे लिहिले असते, ते सोळा मिनिटे उशिरा. शेजारच्या सीटवर खिडकीला डोके टेकून ठकूबाई घोरत होती. उज्वलाने दोनदा तिचा श्वास चालू असल्याची खात्री करून घेतली.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा, राजू, प्राथमिक शिक्षक. हजेरी हा आपला प्रांत आहे असे त्याला वाटणे साहजिक होते.

“मुळात चूक तुझी आहे,” तो म्हणाला. “तू त्यांची नावं शोधतेस. तू नावं पुकार, त्यांनी ‘हजर’ म्हणायचं. बावीस वर्षं मी हेच करतोय.”

“तुझ्या शाळेत पट किती आहे?”

“सतरा.”

“आणि भोंगा वाजत असतो का?”

यावर राजूने, भोंगा नसला तरी दुसरीचा वर्ग असतो, असे उत्तर दिले. शेजारच्या सारिकाने त्याहून सोपा उपाय काढला. व्हॉट्सॲपवर गट करायचा, बाहेर आलेल्याने अंगठा टाकायचा, झाले. ज्वालाग्राही द्रावणांमुळे सगळ्यांचे फोन फाटकावर जमा होतात, हे उज्वलाने सांगितल्यावर सारिका म्हणाली, “मग अशा ठिकाणी नोकरी करावीच कशाला?” हा सल्ला तिने अकरा वर्षांपूर्वीही दिला होता.

शनिवारी ज्योती आली. ज्योती म्हणजे लेक. लोणेऱ्याला कम्प्युटर शिकते. तिने आईची वही चाळली आणि मागच्या पानावर आकडे मांडले. शहाण्णव माणसे. प्रत्येकासाठी सरासरी अठ्ठेचाळीस नावांवरून बोट. शहाण्णव गुणिले अठ्ठेचाळीस, चार हजार सहाशे आठ वेळा पाहणे. एकदा पाहायला सेकंदाचा तिसरा हिस्सा.

“पंचवीस मिनिटं छत्तीस सेकंद,” ज्योती म्हणाली.

उज्वलाला गणित जुळल्याचा आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची भीती वाटली.

“आणि माणसं दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नाही होणार, आई. चौपट. तू हळू नाहीयेस. तुझी यादी चुकीची लावलेली आहे. नावं अकारविल्हे लाव. मधोमध उघडायची, नाव पुढे की मागे बघायचं, अर्धी यादी सोडून द्यायची. मग उरलेल्याच्या मधोमध. सातव्या खेपेला सापडलंच पाहिजे. चार मिनिटांच्या आत मोजून होतील सगळे.”

उज्वलाने दोन रविवार घालवून फाईल केली. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे रंगीत कागदी जिभा लावल्या. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत. ‘ञ’ला सुद्धा जीभ लावली, कुणी आला तर अडायला नको.

दुसऱ्या ड्रिलला पहिला माणूस धावत आला आणि म्हणाला, “मोरे.” दुसराही म्हणाला, “मोरे.” तिसराही. दिवसपाळीत एकेचाळीस मोरे होते. पोलादपूरच्या डोंगरातल्या दोन वाड्यांतून माणसे आली की एवढे व्हायचेच, आणि ते उज्वलाला ठाऊक नव्हते असेही नाही; ती त्याच बसने येत होती. ‘अ’पासून ‘भ’पर्यंत पाने शांत पडून होती आणि ‘म’ची जीभ सहाव्या मिनिटाला फाटली.

“कुठले मोरे?”

“वरच्या वाडीतले.”

“नाव?”

“भागोजी.”

भागोजी मोरे चार होते. आजोबाचे नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे चौघांच्या वडिलांची मिळून नावे दोनच. वाऱ्याने पाने उडत होती, चौघे भागोजी एकमेकांच्या वतीने उत्तरे देत होते. चौदा मिनिटे.

“सगळे एकाच डब्यात पडले,” ज्योती फोनवर म्हणाली. “डबे कितीही केलेस तरी सगळे एकाच डब्यात पडत असतील तर ती पुन्हा एक लांब यादीच. याला आमच्यात टक्कर म्हणतात.”

“आमच्यातसुद्धा,” उज्वला म्हणाली. ‘म’ची जीभ ओढण्यावरून दोन मोऱ्यांची झाली होती.

ज्योतीचे पुढचे म्हणणे असे की शोधणेच नको. प्रत्येकाला एक ठरलेली जागा द्यायची. जागा रिकामी दिसली की तो माणूस नाही. मग उज्वलाने खिळ्यांचा फळा सुचवला. शहाण्णव खिळे, प्रत्येकाचा नंबर, बाहेर आलेल्याने आपल्या खिळ्याला आपला बिल्ला लावायचा.

फळ्याला तीन दरपत्रके लागली. खिळे टोकदार असल्याची हरकत सुरक्षा विभागाने, म्हणजे विनीत सरांनी, घेतली, आणि तिचे उत्तरही सुरक्षा विभागानेच द्यायचे होते. ते यायला अठरा दिवस लागले. अखेर फळा आला. माणसांनी बिल्ले हाताला येईल त्या खिळ्याला लावले. वरच्या दोन ओळींपर्यंत बायकांचा हात पोचेना, खालच्या ओळीला वाकायला कुणी तयार नव्हते, आणि त्र्याण्णव नंबरवर कोंडाजीने आपली टोपी वाळत घातली. “नंबर कशाला बघायचा मॅडम,” तो म्हणाला, “खिळा रिकामा हाय ना?” एका कानाने त्याला कमी ऐकू येई, त्यामुळे तो सगळ्यांशी पंपघरातल्या आवाजातच बोले.

एव्हाना जून संपत आला होता. उज्वलाला झोपेत शहाण्णव मोजून पंचाण्णव येत. रोज सकाळी ती प्रयोगशाळेच्या खिडकीतून छपराकडे पाही. वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्ट्यापट्ट्याची कापडी पिशवी तिथे फडफडत असे. आज धूर सुटला तर कुठे जाईल, ते ती मनात ठरवून ठेवी. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सुरक्षेची जबाबदारी असलेली बाई घाबरलेली आहे असे कळले तर बाकीच्यांनी काय करायचे?

उत्तर बसमध्ये होते, आणि ती त्याच्यावर अकरा वर्षे बसून होती.

त्या सकाळी पोलादपुरात बस भरली. ड्रायव्हर सदूने समोरच्या आरशात एकदा वर पाहिले आणि इंजिन बंद केले.

“कोंडाजी नाय आला,” तो म्हणाला. “थांबूया दोन मिंटं.”

शेहेचाळीस माणसे. यादी नाही, पुकारा नाही, बोट नाही. उज्वलाने मागे वळून बसकडे पहिल्यांदाच पाहावे तसे पाहिले. डाव्या बाजूला, ड्रायव्हरमागची तिसरी ओळ, खिडकी. तिथे कोंडाजी बसतो. तिथे दुसरे कुणी बसत नाही. मागच्या महिन्यात स्वराज न कळून बसला, तेव्हा त्याला खालच्या वाडीपर्यंत उभ्याने जावे लागले होते. निवृत्त झालेल्याची सीट त्याच्या जावयाला मिळाल्याची दोन उदाहरणे होती. चौघे भागोजी चार वेगवेगळ्या खिडक्यांना होते आणि तिथे त्यांच्यात कसलाही गोंधळ नव्हता. सदू माणसे मोजतच नव्हता. तो फक्त भोक पाहत होता.

“काय गो, काय झालं?” ठकूबाईने विचारले. प्रयोगशाळेत ती उज्वलाला मॅडम म्हणे आणि बसमध्ये गो. दोन्ही तितक्याच सहज.

“काही नाही,” उज्वला म्हणाली. “सापडलं.”

माणसांना थेट बसमध्येच बसवावे ही तिची सूचना विनीत सरांनी फेटाळली. “मॅडम, वाहन हे जमण्याचं ठिकाण होऊ शकत नाही. प्रोसीजरमध्ये पटांगण आहे.” तिने वाद घातला नाही. तिने पटांगणावरच बस काढली. सिमेंटच्या फरशीवर पिवळ्या रंगाने चौकटी: पोलादपूरची बस शेहेचाळीस जागांची, मधली वाट सोडून; शेजारी महाड-पाचाडची बस बेचाळीस जागांची; मागे मोटरसायकलवाल्यांच्या आठ. सकाळी जो आला नसेल त्याच्या चौकटीत पहारेकऱ्याने वीट ठेवायची. पिवळा की हिरवा यावर एक आठवडा गेला. सदूने येऊन पाहणी केली आणि आपल्याला पुढे स्वतंत्र चौकट हवी, नाहीतर बस चालवणार कोण, अशी मागणी केली. तो आपत्कालीन यादीत नव्हता. उज्वलाने चौकट काढून दिली. तिथे वाद घालायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

वसाहतीत बोलबाला झाला. पलीकडच्या कारखान्यातले लोक जेवणाच्या सुट्टीत कुंपणापाशी येऊन बिनछपराची बस पाहून जात. “पुढचा स्टॉप कुठला?” असे विचारत. उज्वला मान खाली घालून चालायला शिकली.

तिसरे ड्रिल. भोंगा वाजला, माणसे आली आणि कुणीही न सांगता आपापल्या जागी बसली. मधली वाट मोकळी राहिली. एक भागोजी वाट चुकून शेजारच्या बसमध्ये शिरला, त्याला तिथल्यांनी उतरवले. उज्वलाने पुढे उभे राहून एक नजर फिरवली. तिची स्वतःची जागा सोडली तर एकही भोक नाही. मोजणीला पन्नास सेकंद. विनीत सरांनी घड्याळ दोनदा पाहिले आणि तिच्याशी हस्तांदोलन केले. आयुष्यात तिला इतके हलके कधी वाटले नव्हते, आणि ते साधारण दीड मिनिट टिकले.

कारण कॅन्टीनमधून चारजण चहा पिऊन आरामात बाहेर आले.

उज्वला चौकटींत शिरली. चार जागांवर माणसे नव्हती. चार जागांवर रुमाल होते, नीट चौपदरी घडी घालून.

“हे काय?”

“त्यांची जागा धरली,” भागोजी म्हणाला, चौघांपैकी थोरला. “चहाला थांबले होते ते. मागाहून आले नि जागा नसली मग?”

“अहो, पण ही बस नाही.”

“मग बसमधल्यासारकी माणसं बशिवली कशाला?”

लांबून, ओळीत बसलेल्या माणसांत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, रुमाल आणि माणूस यांतला फरक तिला कळला नव्हता. खऱ्या धुरात चार रुमाल सुखरूप बाहेर आले असते. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा तसाच परत नेला. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर तिच्या अक्षरात सूचना लागली: जमण्याच्या ठिकाणी रुमाल, टोपी, पिशवी अथवा चप्पल ठेवून जागा धरण्यास सक्त मनाई आहे. आणि विनीत सरांनी अहवालाच्या नमुन्यात एक नवा रकाना वाढवला: ‘आढळलेले रुमाल (संख्या)’. तो रकाना मुख्य कार्यालयाकडून मंजूर होऊन आला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, भोंगा वाजला. ड्रिल ठरलेले नव्हते.

पाऊस तीन दिवस लागून होता. गोदामाच्या छपराच्या फटीतून पाणी आत आले होते आणि एका पिंपाचे झाकण सैल होते. इतकेच. उज्वलाने खिडकीतून पाहिले: पांढरा धूर, जमिनीसरपट, घाई नसल्यासारखा. कापडी पिशवी फुगून मागच्या अंगाला वळली होती. मागे पंपघर. तिने ठकूबाईचा दंड धरला, तिला दारापर्यंत ढकलले, घड्याळाचे बटण दाबले आणि धावली. धावताना आपण ओरडतो आहोत असे तिला वाटत होते, पण ठकूबाईने नंतर सांगितले की ती एकेक पायरी मोजत होती.

पटांगणात घोटाभर गढूळ पाणी होते. पिवळी रेघ एकही दिसत नव्हती.

उज्वला पुढे उभी राहिली आणि पाण्यात चौकटी शोधू लागली. तीन महिने, एक वही, एक फाईल, एक फळा, आठ डबे रंग. आणि समोर नुसते तांबडे पाणी. फाईल कपाटात होती. कपाट आत होते.

मग माणसे आली. धावत आली, फाटकाशी क्षणभर थबकली, आणि पाण्यात बसली. कुणी खाली पाहिले नाही. वाट सोडून, दोन-दोन, ओळीमागे ओळ. पाण्यातल्या, नसलेल्या खिडकीशी थोरला भागोजी, त्याच्या मागे स्वराज, पलीकडे तीन विटांची डोकी. सदू सगळ्यांत पुढे, पावसात, हात गुडघ्यांवर. त्याने मान वळवून मागे पाहिले, आणि उज्वलाने त्याच क्षणी पाहिले.

डावी बाजू, तिसरी ओळ, खिडकी. तिथे पाणी होते आणि पाण्यावर पाऊस पडत होता. वीट नव्हती.

“कोंडाजी,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. “कोंडाजी. पंपघर. त्यांना भोंगा ऐकू गेलेला नाही.”

भोंग्यापासून चार मिनिटे दहा सेकंद. टाक्या बांधलेले दोघे निघाले. त्यानंतरची मिनिटे उज्वलाने मोजली नाहीत. एरवी सगळे मोजणाऱ्या बाईला ती मोजायचा धीर झाला नाही. ती त्या एका जागेकडे पाहत राहिली. त्र्याण्णव नंबरच्या खिळ्यावर वाळणारी टोपी तिला दिसत होती, आणि स्वप्नातले पंचाण्णव. पंचाण्णव. ओळीतल्या माणसांनीही आता तिकडेच माना वळवल्या होत्या.

दोघे आले तेव्हा मधे तिसरा होता. तोंडाला मुखवटा, डोळ्यांतून धारा, पाय ओढत, पण पाय त्याचेच. मुखवटा काढल्यावर कोंडाजी खोकला, थुंकला, पुन्हा खोकला. रुग्णवाहिका वाटेत होती. त्याला पहाऱ्याच्या खोलीत नेऊन बसवायचे ठरत होते. त्याने धरणाऱ्यांचे हात सोडवले, पाण्यातून चालत तिसऱ्या ओळीत गेला आणि आपल्या जागेवर बसला.

मग त्याने मागे वळून स्वराजला, पंपघराच्या आवाजात, म्हटले:

“काच लाव रे, पाऊस आत येतोय.”

स्वराजने हात उचलला आणि नसलेली काच ओढून घेतली.

आधी कुणी हसले नाही. मग सदूचे खांदे हलायला लागले, आणि मग दोन्ही बस हसू लागल्या.

उज्वलाने धरायला काही आहे का म्हणून हात पुढे केला.

“इकडं ये गो,” ठकूबाईचा आवाज आला. “बस आता. कवाची उभी हायस.”

पाचव्या ओळीत ठकूबाई खिडकीच्या बाजूला सरकून बसली होती. तिच्या शेजारच्या जागेत पाण्याखाली काहीतरी निळे होते, आणि ते वाहून जाऊ नये म्हणून तिने त्यावर तळहात ठेवला होता. उज्वला वाकली. तो चौपदरी घडी घातलेला रुमाल होता.

“सक्त मनाई आहे,” उज्वला म्हणाली. तिला रडू येत होते.

“हां, वाचलं मी. तुझंच अक्षर हाय ना ते.” ठकूबाईने रुमाल उचलला, पिळला आणि कमरेला खोचला. “बस.”

उज्वला पाण्यात बसली.

संध्याकाळी, कोंडाजी रुग्णालयात डॉक्टरांना ओरडून उत्तरे देतो आहे असा निरोप आल्यावर, विनीत सरांनी अहवालाचा नमुना तिच्यापुढे ठेवला. तिने वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली, गैरहजर तीन, आत राहिलेला एक, सुखरूप. सगळे मोजून-मापून, मिनिटांसकट. शेवटच्या रकान्यापाशी तिचे पेन थांबले. अकरा वर्षांत तिने कुठल्याही कागदावर एकही खोटा आकडा लिहिला नव्हता.

‘आढळलेले रुमाल (संख्या)’ यापुढे तिने शून्य लिहिले. सुंदर, गोल, दोन वर्षांनीही वाचता येईल असे.